ऐकलेलं इंजिन परत नाही

त्याला सगळे कानसेन म्हणत, आणि गाण्यातलं त्याला ओ की ठो कळत नव्हतं. बायको भांडी घासताना गुणगुणायला लागली की हा गंभीरपणे विचारायचा, "दाढ दुखतेय का?" पण इंजिन चालू झालं की या माणसाचे डोळे आपोआप मिटायचे, मान एका अंगाला झुकायची आणि आत कोण खरंच रडतंय आणि कोण उगाच कुरकुरतंय, ते तो उभ्या उभ्या सांगायचा. डॉक्टरांच्या गळ्यात नळी असते, तसा याच्या हातात हातभर लांबीचा एक पेचकस असायचा. टोक इंजिनाच्या अंगाला, लाकडी मूठ कानाच्या भोकाशी. चहा गार व्हायच्या आत निकाल.

शहराच्या कडेला जुन्या इंजिनांची एक गल्ली होती. दोन्ही बाजूंना पत्र्याच्या शेड, पायाखाली तेल पिऊन काळी झालेली माती आणि मोडलेल्या, थकलेल्या गाड्यांच्या पोटातून काढलेली इंजिनं लोखंडी घोड्यांवर ओळीने चढवलेली. तिथे इंजिन विकत घेणं म्हणजे आंधळी कोशिंबीर. भलेभले तोंड पोळून घ्यायचे. म्हणून ज्याला इंजिन घ्यायचं असेल तो आधी कानसेनचं दार वाजवायचा. कानसेन पैसा घेत नसे. चहा घ्यायचा आणि भाव खायचा. बाकीचे लोक तेल बोटांत चोळून बघत, झाकण उघडून धूर हुंगत, चालू करायच्या आधी इंजिन गार आहे की गरम ते हात लावून बघत. त्यांना बघून तो चारचौघांत म्हणायचा, "चालू द्या, बहिऱ्यांचे उद्योग चालू द्या." लोक हसायचे. तोही हसायचा.

त्याच्या नावावर त्या गल्लीत एक कायदाच होऊन गेला होता. एरवी नेलेलं इंजिन लगेच बिघडलं, तर भांडून-तंडून परत करता यायचं. पण कानसेनने ऐकून पास केलेलं इंजिन कुणी परत घ्यायचं नाही. ते बिघडणारच नाही, आणि बिघडलंच तर चालवणाऱ्याने वाट लावली असं समजायचं. 'ऐकलेलं परत नाही,' असं दुकानदार म्हणायचे आणि गिऱ्हाईक मान डोलवायचं. कानसेनला या कायद्याचा कोण अभिमान होता.

त्याचा स्वतःचा ट्रक जुना. लोकांचं घरसामान एका घरातून दुसऱ्या घरात पोचवायचं, हे त्याचं काम. कपाटं, पलंग, गाद्या, पाळणे, आणि शेवटी हमखास कुणीतरी हातात आणून देणार ती कुंडी. त्या गाडीने किती संसार हलवले याची मोजदाद नाही, पण आरसा एकदाही फुटला नव्हता. गाडी तयार करणाऱ्या कंपनीने ते मॉडेल कधीच बंद केलं होतं. कानसेनने नाही केलं.

आणि एका सकाळी, चढावर, मागे कुणाचं तरी अख्खं स्वयंपाकघर भरलेलं असताना, इंजिनाने आतून एक धडाका दिला आणि खाली रस्त्यावर तेलाचं थारोळं झालं. सामान दुसऱ्या गाडीत चढवून द्यावं लागलं. ज्यांचं सामान होतं त्या बाई कानसेनलाच धीर देत होत्या. त्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

मिस्त्रीने इंजिन खोललं. हा मिस्त्री त्याचा जुना माणूस. गाडीच्या प्रत्येक नटाशी त्याची बोलण्याएवढी ओळख. आतला लोखंडी दांडा इंजिनाची भिंत फोडून बाहेर डोकावत होता. "हे दुरुस्त व्हायचं नाही," मिस्त्री म्हणाला. "भिंतच गेली, आता शिवणार काय? दुसरं इंजिन बघा." मग त्याने आतलं झिजून पत्रा झालेलं बेअरिंग हातात घेऊन उलटसुलट केलं. "पण हे काही एका दिवसाचं काम नाही हो. महिनोन्‌महिने ठोकत असणार. तुम्हाला कसं नाही ऐकू आलं?" आणि लगेच स्वतःच हसून म्हणाला, "रेडिओ मोठ्याने लावत असाल."

"हो ना," कानसेन म्हणाला. "रेडिओच."

गाडीतला रेडिओ कैक वर्षं बंद होता.

खरी गोष्ट त्याला एकट्याला ठाऊक होती. आधी डावा कान गेला, मग उजव्याने त्याची री ओढली. ठार बहिरा नव्हता तो. आवाज यायचे, पण सगळे एकमेकांत कालवून, एकच घरघर. पूर्वी इंजिनात त्याला माणसं वेगवेगळी ओळखू यावीत तसे आवाज ओळखू यायचे. आता दाराबाहेरून नुसता गलका ऐकू यावा तसं व्हायचं. हे त्याने कुणाला सांगितलं नव्हतं. गेल्या हिवाळ्यात बायको शेजारी बसून बहिणीकडे निघाली होती, तेव्हा ती म्हणालीही होती, "अहो, खाली काहीतरी टक्-टक् वाजतंय."

"तुझ्या पिशवीतले डबे असतील," तो म्हणाला होता. "गाडी माझी, कान माझे. तू रस्ता बघ."

तिने डबे मांडीवर घेतले होते. हे आठवलं की त्याला जेवण जायचं नाही.

मग इंजिनाचा शोध सुरू झाला. पहिल्यांदा तो कंपनीच्या मोठ्या दुकानात गेला. काचेची खोली, आत गारवा, चकचकीत फरशी. टाय लावलेल्या माणसाने त्याला खुर्ची दिली, पाणी दिलं, संगणकात बराच वेळ काहीतरी बघितलं आणि म्हणाला, "काका, या गाडीचं इंजिन आता कुठेच बनत नाही."

"मग आत्ताचं नवं बसेल का?"

"बसेल की. पण मग त्याला खालून सांगाडा बदलावा लागेल, गिअरबॉक्स बदलावी लागेल." तो वाईट माणूस नव्हता, जरा थांबून हळू आवाजात म्हणाला, "म्हणजे इंजिनासाठी गाडी घ्यावी लागेल."

यातलं हळू आवाजातलं वाक्य कानसेनला कळलं नाही. त्याने अंदाजाने मान हलवली आणि उठला.

मग परगावच्या कुणाकडे अपघातातली अशीच गाडी पडून आहे असं कळलं. त्या माणसाने फोन केला. "एवढ्या लांब कशाला येता? तुमचं नाव ऐकून आहे मी. इंजिन चालू करतो, फोन जवळ धरतो, ऐका आणि हो की नाही सांगा. आणखी दोघंजण मागे लागलेत." फोनमधून पिठाची गिरणी चालावी तसा आवाज आला. कानसेनने फोन या कानाचा त्या कानाला नेला, पुन्हा या कानाला आणला. बायको समोर बसून भाजी निवडत होती. ती बघत होती. शेवटी तो रुबाबात म्हणाला, "नाडी काय फोनवर बघतात? मी येईन तेव्हा ऐकेन." तो जाईपर्यंत ते इंजिन विकलं गेलं होतं. दोन बस बदलून गेला होता, दोन बस बदलून परत आला.

इकडे ट्रक एका गोदामाच्या भिंतीला उभा होता. गोदामवाला आधी गोड बोलला, मग नुसता बोलला, आणि शेवटी म्हणाला की महिनाअखेर जागा मोकळी पाहिजे. भंगारवाला तर रोजच्या रोज फेरी मारून जायचा. गाडीला हात लावायचा नाही, नुसता एक वळसा घालायचा. इंजिन नाही मिळालं तर गाडी वजनावर जाणार, आणि मग कानसेनने कुणाच्या तरी फाटकावर रखवालदार म्हणून स्टूल टाकून बसायचं, एवढा साधा हिशेब होता. या वयात त्याला दुसरं कोण काय देणार?

"सगळ्या जगाला इंजिनं ऐकून दिलीत," बायको एक दिवस म्हणाली. हल्ली ती काही सांगायचं झालं की समोर येऊन उभी राहायची आणि मगच तोंड उघडायची. कधीपासून, ते दोघांनीही कधी बोलून दाखवलं नव्हतं. काही गोष्टींवर झाकण ठेवूनच संसार शिजतो. "मग स्वतःच्या वेळी गल्लीत जायला पाय का उचलत नाही?"

"जाऊ की," तो म्हणाला. आणि मग इकडेतिकडे बघत, "तूही चल."

"मी? मी तिथे येऊन काय करू?"

"चल गं. बघशील तरी नवऱ्याचा मान."

आजवर त्याने तिला त्या गल्लीत कधी नेलं नव्हतं. आता का नेतोय, ते त्याने तेव्हा सांगायला हवं होतं. घरात दोघंच होती, दार लोटलेलं होतं, सांगायला काहीच हरकत नव्हती. पण माणसाची जीभ नको तिथे सुटते आणि हवी तिथे टाळ्याला चिकटते.

गल्लीत शिरल्याबरोबर कपाळावर चष्मा चढवलेल्या इंजिनवाल्या शेठने हाक मारली, "या, या कानसेन! आज कुणासाठी?"

"आज माझ्यासाठीच."

"तुमच्यासाठी?" शेठने चष्मा खाली घेतला. "गाडी गेली असं ऐकलं, मला वाटलं कुणीतरी अफवा उडवली. वहिनी, बसा हो, हे स्टूल घ्या." मग तो कानसेनच्या जवळ आला. "तुमच्या मॉडेलचं सबंध गल्लीत एकच आहे. कालच आलंय. खरं सांगतो, मी अजून त्याला हात लावलेला नाही. देणारा म्हणाला, चालू होतं. देणारे सगळे असंच म्हणतात. तुम्हीच ऐका. नाही म्हणालात तर वजनावर टाकतो. हो म्हणालात तर वजनापेक्षा थोडं वर द्या आणि घेऊन जा. तुमच्याकडून काय कमवायचं?"

शेठ खोटं बोलत नव्हता, हेच तर सगळ्यात वाईट. कुणी फसवत असतं तर भांडता तरी आलं असतं.

बातमी गल्लीत पसरायला वेळ लागला नाही. कानसेन स्वतःसाठी इंजिन निवडतोय म्हटल्यावर हातातली कामं टाकून लोक आले. बॅटरी जोडली, डिझेलच्या डब्यातून नळी लावली, पाण्याचा पाइप जोडला. इंजिन दोनदा खोकलं आणि चालू झालं. शेजारच्या शेडमध्ये कुणीतरी पत्रा ठोकत होता, तो काही थांबला नाही.

कानसेनचा हात आपसूक तेलाच्या पट्टीकडे गेला. पट्टी ओढायची, तेल बोटांत चोळायचं. जाड असेल तर समजायचं की आतला आवाज दाबायला कुणीतरी घातलंय. कुणीही साधं गिऱ्हाईक हेच करतं. पण समोर सगळी गल्ली उभी होती, आणि तेल चोळणं हा कुणाचा उद्योग, हे त्यानेच तर सगळ्यांना शिकवलं होतं. अर्ध्यावर गेलेला हात त्याने वळवला आणि पेचकस पुसायला फडकं उचललं.

मग टोक इंजिनाला, मूठ कानाला, डोळे बंद. लोक गप्प झाले. वरून खाली, पुढून मागे, नेहमीच्या सगळ्या जागा त्याने सवयीने गाठल्या. सगळीकडे तीच एक घरघर. हाताला कंप लागत होता, पण कंप कुठल्या इंजिनाला नसतो? त्याने जिवाच्या आकांताने ऐकलं. एवढ्या वर्षांत एवढं मन लावून त्याने काही ऐकलं नसेल. आणि काही म्हणजे काही कळलं नाही.

त्याने डोळे उघडले आणि बायकोकडे बघितलं. ती स्टुलावरून उठून जवळ येऊन उभी होती. तिच्याकडे दोन चांगले कान होते. त्याने भुवया वर करून डोळ्यांनी विचारलं. तीही क्षणभर त्याच्याकडे बघत राहिली, आणि मग तिने मान हलवली. हो.

त्याचा जीव भांड्यात पडला. "पास," तो मोठ्याने म्हणाला.

"झालं तर मग," शेठ म्हणाला. "ऐकलेलं परत नाही, कायदा तुमचाच." सगळे हसले. कुणीतरी चहा मागवला.

मिस्त्रीने इंजिन बसवलं. बसवण्याआधी त्याने आतलं जुनं तेल काढलं, आणि ते डब्यात पडताना बघत राहिला. तेल धारेने पडत नव्हतं, मधासारखं लोंबत होतं. "किती जाड घातलंय हो कुणीतरी," तो म्हणाला. "असं तेल घातलं की ठोका दबतो. पण तुम्हाला कोण फसवणार म्हणा."

कानसेनने तो डबा पायाने बाजूला सारला. पण बायकोने मान हलवली होती, आणि तिचे कान शाबूत होते. त्या एका मान हलवण्यावर तो उभा होता.

नवं तेल घालून मिस्त्रीने गाडी चालू केली, आणि लगेच कपाळाला आठी घालून वाकला. "मला जरासं..." तो म्हणाला, मग सरळ उभा राहिला. "नाही, जाऊ दे. तुम्ही ऐकलंय ना?"

"ऐकलंय."

"मग मी कोण?" मिस्त्रीने हात पुसले.

दुसऱ्याच दिवशी काम मिळालं. एका कुटुंबाचं सामान टेकडीपलीकडे पोचवायचं होतं. गोदामाच्या भिंतीपासून गाडी हलली तेव्हा गोदामवाल्यानेसुद्धा हात हलवला. बायकोला त्याने हट्टाने शेजारी बसवलं. मागे पलंग, कपाट, आरसा, आणि पुढे बायकोच्या पायाशी ती हमखासची कुंडी. कानसेन खुशीत होता. एका हाताने गिअर बदलत तो म्हणाला, "लोण्यासारखी चाललीय ना?"

त्याने मान वळवून बघितलं. ती कुंडीकडे बघत होती, आणि तिचे ओठ हलले.

"काय?"

ती त्याच्याकडे वळली आणि मोठ्याने, एकेक शब्द सुटा करून म्हणाली, "वाजतंय. तसंच वाजतंय. टक्-टक्."

त्याने समोरचं वळण घेतलं.

"शेडमध्ये वाजत होतं?"

ती त्याच्या कानाशी सरकून तशीच मोठ्याने म्हणाली, "बारीकसं वाजत होतं. मला वाटलं शेजारी तो पत्रा ठोकतोय, त्याचंच असेल."

"मग मान का हलवलीस तू?"

"म्हणजे?" ती गोंधळली. "तुम्हीच विचारलंत ना, घेऊ का म्हणून. तुम्ही ऐकलं होतंत, तुम्हाला पसंत दिसलं. मी कशी नाही म्हणणार? मागे एकदा बोलले होते, तर म्हणालात डबे असतील."

"घेऊ का असं नव्हतो गं विचारत," तो म्हणाला. "तुला काही ऐकू येतंय का, ते विचारत होतो."

तिला हे आत पोचायला वेळ लागला. मग ती म्हणाली, "तोंडाने विचारायचं होतंत."

"सगळे होते ना तिथे." आणि मग, एवढ्या वर्षांत पहिल्यांदा, रस्त्यावरची नजर न काढता त्याने सांगून टाकलं, "मला नाही ऐकू येत."

"माणसांचं येत नाही ते माहीत होतं मला," ती म्हणाली. "इंजिनाचं येतं असं वाटायचं."

तो रडला असता तर बरं झालं असतं, पण गाडी चालवताना त्याला रडायची सवय नव्हती. पुढे चढ दिसत होता. पलीकडे सामानाची वाट बघत माणसं रिकाम्या घरात बसली असतील.

"कसं वाजतंय ते दाखव," तो म्हणाला.

"कसं दाखवू?"

"इथे ठोक." गिअरच्या दांड्यावर त्याचा हात होता, तो त्याने हनुवटीने दाखवला.

तिने एक बोट त्याच्या हातावर ठेवलं. जरा ऐकलं. मग ठोकायला सुरुवात केली. आधी चाचपडत, मग बरोबर ठेक्यात. त्याचे डोळे पूर्वीसारखे मिटायला आले, पण रस्ता होता म्हणून त्याने ते उघडे ठेवले. त्याला सगळं कळलं. कुठलं बेअरिंग, किती झिजलंय, आणि किती दिवस काढेल, सगळं. शेडमध्ये तिने असंच एकदा ठोकून दाखवलं असतं तर तो त्याच क्षणी इंजिन बंद करा म्हणाला असता.

"होईल का दुरुस्त?" तिने विचारलं.

"हातात पैसे उरले असते तर झालं असतं. होते ते या इंजिनात गेले."

"आणि परत..." ती म्हणाली आणि मध्येच थांबली. कायदा कुणाचा, ते तिलाही ठाऊक होतं.

त्याने अॅक्सिलरेटरवरचा पाय थोडा उचलला. तिचं बोट हळू झालं, मग थांबलं.

"थांबू नकोस," तो म्हणाला. "ठोकत राहा. जोरात झालं तर जोरात ठोक, मला कळलं पाहिजे."

मागून कुणीतरी हॉर्न देत होतं, ते त्याला ऐकू आलं नाही. गाडी चढाला लागली, तसं तिचं बोट जोरात पडू लागलं.